पाव सेकंदाचं भांडण

ग्रानवीक वेधशाळा,
गुरुवार, १७ ऑक्टोबर १८७८

सिक्स्टन,

'प्रिय' लिहायला लेखणी टेकवली होती, पण राग आलाय म्हणून नाही लिहिलं. राग गेला की लिहीन. तोवर चालवून घे.

तुझा लेख असलेलं जर्मन मासिक आज दुपारी आलं, आणि तेही नेमकं आम्ही जेवायला बसलो असताना. गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि मागून जॅम लावलेली धिरडी, यात या घरात तुझ्या जन्माच्या आधीपासून खंड पडलेला नाही. आज पडला. तुझ्या पपांनी वाडग्याशेजारी मासिक ठेवून वाचलं, चमचा खाली ठेवला आणि बोटिलाला म्हणाले, "धिरडी घेऊन जा." ती बिचारी घाबरून मला विचारते, "प्रोफेसरीणबाई, करपली का हो?" मी म्हटलं, "धिरडी नाहीत गं करपली."

अरे, बापाची चूक काढायची होती तर घरात काढायची. सगळ्या युरोपात दवंडी कशाला पिटायची? म्हणे ग्रानवीकच्या यादीतला प्रत्येक तारा १८७५च्या हिवाळ्यापासून पाव सेकंद उशिरा येतो. पाव सेकंद! तू स्वतः जन्माला येताना पंधरवडाभर उशीर केलास, तेव्हा आम्ही कुठे छापून आणलं नाही. आणि त्याखाली ते वाक्य: 'निरीक्षकाचं वय लक्षात घेता'. तुझ्या पपांचे डोळे अजून खाडीपलीकडच्या चर्चच्या कळसावरचा वारा दाखवणारा कोंबडा बघतात, चष्म्याशिवाय. त्यांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही, हे मी तुला बायबलवर हात ठेवून सांगते.

हे काम कसं चालतं ते मी तुला शिकवावं असं नाही, पण तू विसरलेला दिसतोस. दुर्बिणीत कोळ्याच्या जाळ्याचे धागे ताणलेले असतात. तारा सरकत सरकत धाग्यावर येतो. मागे घड्याळ ठोके देत असतं. डोळा ताऱ्यावर, कान घड्याळावर, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये तारा नेमका कुठे धागा ओलांडतो ते माणसानं ठरवायचं. उणे पंधरात, शेगडीशिवाय, कारण शेगडी पेटवली की हवा थरथरते. जन्मभर त्यांनी दुसरं काही केलं नाही.

त्यांचं नशीब तुला ठाऊक आहे. तरुणपणी धूमकेतू सापडला, तर आदल्या संध्याकाळी तो एका फ्रेंच माणसाला दिसलेला. राजधानीतल्या प्राध्यापकीसाठी अर्ज केला, त्यावर हरकती, हरकतींवर हरकती, आणि शेवटी खुर्ची दुसऱ्याला. ग्रहण बघायला उत्तरेला गेले तर आभाळ गच्च भरलेलं. ग्रहण लागलं हे त्यांना गायी गोठ्याकडे निघाल्या त्यावरून कळलं. मग या नाविक शाळेच्या टेकाडावर येऊन बसले. उरली आहे ती ही ताऱ्यांची यादी. जर्मन समितीनं आकाशाचे पट्टे करून वेधशाळांना वाटून दिले, त्यातला एक पट्टा आपला. आता तुझ्या लेखामुळे समितीनं खुलासा मागितलाय. जूनपर्यंत दिला नाही तर शेवटच्या हिवाळ्यांची निरीक्षणं रद्द आणि पट्टा दुसऱ्या कुणाला. हे झालं तर तुझे पपा उरणार नाहीत, सिक्स्टन. मी वाढवून सांगत नाहीये.

म्हणून लिहिलेलं मागे घे, आणि नाताळला घरी ये.

आई

&nbsp;

ग्रानवीक, १२ नोव्हेंबर १८७८

सिक्स्टन,

तुझं पत्र मिळालं. स्टॉकहोममध्ये कागद महाग झालाय का?

तू म्हणतोस, आधी तीनदा खासगीत लिहिलं होतं, उत्तर आलं नाही. मान्य. ती पत्रं त्यांच्या खणात आहेत. त्यांचं म्हणणं एकच, 'पोरानं आपला हिशोब तपासावा.' तू असंही म्हणतोस की जूनमध्ये मिडसमरच्या सणाच्या जेवणात समोरासमोर, नम्रपणे विचारलंस, तर पपा बटाटा सोलत राहिले आणि शेवटी म्हणाले, "हेरिंग मासे छान आहेत यंदा." मीही तिथेच होते. तू उठून संध्याकाळची बोट पकडलीस तेही बघितलं. त्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही.

१८७५च्या शरदात इथे काय बदललं, असं विचारतोस. नवं घड्याळ? नवा निरीक्षक? अरे, इथे नवा झाडू मागवला तर शाळेच्या मंडळाची सभा भरते. काहीही बदललेलं नाही. तेच घड्याळ, तीच दुर्बीण, तेच पपा.

परवा संत मार्टिनच्या सणाचा हंस केला होता. घड्याळजींना जेवायला बोलावलं आणि पश्चात्ताप झाला. हंस कापायच्या आधीच तुझे पपा त्यांच्यावर घसरले.

"घड्याळाचा आवाज बसलाय. दोनदा सांगितलं तुम्हाला."

"घड्याळ ठणठणीत आहे, प्रोफेसरसाहेब."

"काय?"

"ठणठणीत आहे म्हटलं!"

"मग तसं तोंड उघडून सांगा ना. हल्ली सगळा गाव पुटपुटतो. पाद्री पुटपुटतो, तुम्ही पुटपुटता, ही बोटिला तर नुसते ओठ हलवते!"

बोटिलानं रश्श्याचं भांडं आदळलं आणि जोरात म्हणाली, "आता आलं का ऐकू?" मी तिला स्वयंपाकघरात पाठवलं. हे सगळं मी तुला का लिहिते आहे कोण जाणे. विसरून जा. घड्याळजी खरोखरच पुटपुटतात.

पपा तुला उत्तर लिहीत बसलेत, चाळीस पानं झाली. मी म्हटलं, थोडक्यात लिहा. तर म्हणाले, "तुझ्या मुलाला थोडक्यात समजत नाही." तुला सुवर्णपदक मिळालं तेव्हा तू त्यांचा मुलगा होतास. मध्ये मी बसलेय, दोघांचं सारखंच डोकं सहन करत. हात टेकले मी तुमच्यापुढे.

आई

&nbsp;

ग्रानवीक, ८ जानेवारी १८७९

सिक्स्टन,

नाताळला आला नाहीस. तांदळाच्या खिरीतला बदाम बोटिलाला मिळाला. म्हणजे यंदा लग्न तिचं, तुझं नाही.

आणि पत्रात एकच ओळ: 'आई, पपांना ऐकू येत नाही का?'

नाही येत. झालं समाधान?

मिडसमरला तू जे विचारलंस त्यातलं अक्षर त्यांच्या कानात शिरलं नाही. तुझे ओठ हलताना दिसले, त्यांना वाटलं पोरगं जेवणाचं कौतुक करतंय, म्हणून त्यांनी हेरिंगला दाद दिली. तू गेल्यावर रात्रभर विचारत होते, "याला एकदम झालं काय?" मी सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे तुम्हाला ऐकू आलं नाही असं म्हणावं लागलं असतं, आणि या घरात सगळं बोलता येतं, तेवढं सोडून. तू मात्र बापाला गर्विष्ठ ठरवून मोकळा झालास. जरा थांबून, खांद्याला हात लावून पुन्हा विचारलं असतंस तर? पण नाही. तुम्ही वेनर्डाल लोक एकदा तोंड फिरवलं की फिरवलं.

आता विचारलंच आहेस तर पुरतं ऐक. १८७५च्या शरदात एका संध्याकाळी ते मनोऱ्यावरून खाली आले आणि म्हणाले, "घड्याळ थांबलंय." मी वर गेले. घड्याळ चालू होतं, चांगलं खणखणीत. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना कळलं. जिन्याच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "संपलं, मालविना." इतकं शुद्ध आभाळ महिनाभरात आलं नव्हतं. मला भयंकर राग आला. कुणाचा ते माहीत नाही. मी म्हटलं, "उठा. तारा तुमच्यासाठी थांबणार आहे का?"

त्यांना दुर्बिणीपाशी बसवलं, मागे उभी राहिले, आणि घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला त्यांच्या मानेवर बोटानं टिचकी दिली. कॉलरच्या आत, कारण मेंढीच्या कातड्याच्या कोटातून काही कळत नाही. पहिल्या दिवशी ओरडले, "बोट आहे का बर्फाचा खडा!" पण तारा टिपला. मग दुसरा टिपला. तेव्हापासून आभाळ स्वच्छ असेल त्या प्रत्येक संध्याकाळी मी तिथे असते. बोटिलाला माहीत आहे, आणखी कुणाला नाही.

आता तुझ्या पाव सेकंदाबद्दल. मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्याची मुलगी आहे. माझा ताल चुकत नाही. एक ठोका मी सोडलेला नाही, एक जादा दिलेला नाही. तेव्हा दोष आमच्यात नसून तुझ्या गणितात आहे, तिथे शोध.

आणि तोंडाला कुलूप लाव. बहिरा निरीक्षक ठेवायला मंडळ काही वेडं नाही. नोकरी गेली की हे घरही जातं, कारण घर नोकरीचं आहे.

आई

&nbsp;

ग्रानवीक, २ फेब्रुवारी १८७९

सिक्स्टन,

तुझं पत्र वाचलं आणि मी थेट भांडी घासायला बसले. बोटिला बाजूला उभी राहून म्हणते, "बाई, ती घासलेलीच आहेत."

'आई, नवा निरीक्षक तू आहेस. पाव सेकंद तुझा आहे.' असं लिहिताना हात कचरला नाही तुझा? इतके हिवाळे मी तिथे उभी राहिले. बोटांची कातडी सोलली, गुडघे धरले, आणि चूक कोण, तर मी!

तुझा खुलासा चारदा वाचला, तेव्हा डोक्यात शिरला. ठोका कानात पडतो, मग बोट हलतं, मग त्यांच्या मानेला कळतं. या सगळ्याला थोडा वेळ लागतो, तो कुणालाही लागतो, त्यात ताल चुकल्याचा प्रश्न नाही. आणि तो वेळ दर खेपेला तेवढाच असेल तर काही बिघडलेलं नाही. लोणी तोलताना बरणीचं वजन वजा करतात, तसा माझा उशीर प्रत्येक ताऱ्यातून वजा करायचा. हे आधी लिहिलं असतंस तर भांडी वाचली असती. म्हणजे यादी वाचू शकते. फक्त मला तोलावं लागेल, आणि वजा का केलं ते छापावं लागेल.

पपांना सांगायचं काम माझ्यावर आलं. अशी गोष्ट हळुवारपणे सांगायची असते, पण त्यांना हळुवारपणे काही सांगताच येत नाही. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागलं, "उशीर माझा आहे! माझ्या बोटाचा!"

"तुझा? छे. घड्याळाचा."

"माझा! सिक्स्टन म्हणतो, वजा करता येतो!"

हे ऐकू आलं. त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला आणि पोराचं बरोबर आहे हे त्यांना पटलं, ते मला तोंडावर दिसलं. मग म्हणाले, "छापायचं नाही."

"मग सगळे हिवाळे जातील!"

"जाऊ देत. लोकांनी मला बहिरा म्हणायचं आणि मी ते छापून द्यायचं? जाऊ देत."

असा माणूस. स्वतःचं अख्खं काम खाडीत फेकायला तयार, पण कानाला हात लावू देणार नाही. ईस्टरला उशीर मोजायचं तुझं ते यंत्र घेऊन ये. त्यांच्याशी बोलायचं की नाही ते तुझं तू बघ.

आई

&nbsp;

ग्रानवीक, २० एप्रिल १८७९

प्रिय सिक्स्टन,

लिहिलं बघ. पण हुरळून जाऊ नकोस.

चार दिवस होतास, आणि दोघं दोन ओंडक्यांसारखे बसलात. "आई, पपांना सांग, मीठ द्या." "पोराला सांग, मीठ त्याच्याच समोर आहे." बोटिला मला म्हणाली, "बाई, दोन वाड्यांमधल्या निरोप्याचं काम धरलं असतंत तर पगार तरी मिळाला असता." पण मनोऱ्यात तुझ्या यंत्रानं कागदाच्या पट्टीवर घड्याळाचा ठोका आणि माझं बोट शेजारी शेजारी उमटवलं, तेव्हा पपा कोपऱ्यात उभे राहून मान लांब करकरून बघत होते. तुझं लक्ष नव्हतं, माझं होतं. पट्टी संपल्यावर तू म्हणालास, "आई, इतका एकसारखा उशीर मी कुठल्याही निरीक्षकाचा बघितलेला नाही." ही स्तुती होती असं मी धरून चालते.

तू लिहून ठेवलेली प्रस्तावना मला फार आवडली. 'कडाक्याच्या थंडीत केसाळ टोपीनं कान झाकावे लागत, त्यामुळे १८७५पासून एका मदतनिसानं घड्याळाचे इशारे दिले. त्याचा उशीर मोजून वजा केला आहे.' किती सुबक! शब्द खोटा नाही, टोपी तर ते घालतातच. यादी वाचते, नोकरी राहते, घर राहतं, कानांचा उल्लेख नाही. मी मनात म्हटलं, चला, एक तरी वेनर्डाल व्यवहारी निघाला.

तू बोटीत बसलास आणि मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला, टाक बुडवून हातात दिला. त्यांनी वाचलं आणि भडकले. "मदतनीस कोण?"

"मी! दुसरं कोण असणार?"

"मग असं का लिहिलंय?"

"काय फरक पडतो? मदतनीस म्हणा, मोलकरीण म्हणा, दांडीवरची टोपी म्हणा! सही करा!"

त्यांनी तुझी प्रस्तावना आडवी-उभी खोडली आणि स्वतःची लिहायला बसले. मला दाखवत नाहीत. खुलाशावर मंडळाचा शिक्का लागतो, त्यामुळे मे अखेर सभेपुढे जायचं आहे. हा माणूस तिथे काय करणार या विचारानं माझा जीव टांगणीला लागलाय. सरळ वाट समोर दिसत असताना आडरानात शिरायची हौस यांना कुठून आली, देव जाणे.

आई

&nbsp;

ग्रानवीक, ६ जून १८७९

प्रिय सिक्स्टन,

सभेच्या दिवशी सकाळी म्हणाले, "तूही चल." मी म्हटलं, "तिथे बायकांचं काय काम?" ऐकू आलं नाही, किंवा आलंच. मी काळा रेशमी पोशाख घातला आणि गेले. हवा उकडत होती, सभागृहाच्या खिडक्या उघड्या, खाली मासळी बाजार भरलेला. मंडळाचे सगळे सभासद उठून उभे राहिले, मला खुर्ची दिली आणि मी तिथे का आहे हे कुणालाच कळेना. मलाही.

शाळेच्या रेक्टरसाहेबांनी प्रस्तावना पुढे ओढली. सज्जन माणूस आहे, आवाज मुळातच बारीक. म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, इथे 'निरीक्षक: झकारियास वेनर्डाल आणि मालविना वेनर्डाल' असं दिसतंय. बाईंचं नाव छापण्याइतकं बाईंनी मनोऱ्यात नेमकं काय केलं?"

तुझे पपा हसले, मान लववली आणि म्हणाले, "आभारी आहे."

कुणीतरी खोकलं. रेक्टरनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. पपांनी माझ्याकडे बघितलं. आणि मला, सिक्स्टन, त्या सगळ्यांसमोर वाकून त्यांच्या कानात ओरडावं लागलं, "ते विचारताहेत, मी काय केलं!"

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. अजूनही वेळ गेलेली नव्हती. थंडी म्हणता आलं असतं, टोपी म्हणता आलं असतं, बायको कंदील धरायची म्हणता आलं असतं. मी मनातल्या मनात देवाची प्रार्थना करत होते की काहीतरी खोटं बोलू दे यांना.

ते उभे राहिले. आपला आवाज किती मोठा निघतो हे त्यांना कळत नाही. "मला ऐकू येत नाही," म्हणाले. "१८७५पासून घड्याळ ऐकू येत नाही. हिनं ऐकलं. मी बघितलं. एकट्या माणसाचा यात एकही तारा नाही. हिचं नाव काढायचं असेल तर माझंही काढा, आणि मग हे कुणी मोजले ते तुमचं तुम्ही ठरवा."

खाली बाजारातला आरडाओरडा बंद पडला होता. कोळणी तोंड वर करून खिडकीकडे बघत होत्या.

रेक्टरनी शिक्का मारला. परवा जर्मन समितीचं पत्र आलं, तू नावाजलेली पट्टी त्यांनाही पटली. सगळे हिवाळे धरले, पट्टा आपलाच, दोन्ही नावांनी छापणार. त्याच टपालानं मंडळाचंही पत्र आलं. अतिशय आदरपूर्वक, अतिशय खेदपूर्वक. मायकेलमसपर्यंत, म्हणजे सप्टेंबरअखेर, घर रिकामं करायचं. बोटिला सामान बांधायला लागली सुद्धा, आणि चिनी मातीची भांडी माझ्याशिवाय कुणी बांधायची नाहीत म्हटलं तर रुसली. सप्टेंबरात रजा काढून ये. पुस्तकं उचलायला दोन धडधाकट हात लागतील, आणि तुझ्या पपांनी तुझ्यासाठी कोपऱ्यातल्या खोलीतलं सामान शेवटपर्यंत बांधायचं नाही असं सांगून ठेवलंय. त्यांच्यासमोर उभा राहून बोल, मोठ्यानं बोल. माझ्यामार्फत नको, मी थकले.

सभेहून बाहेर पडल्यावर मी भर बाजारात त्यांच्यावर तुटून पडले. "कशाला केलंत हे? घर गेलं, नोकरी गेली! काय करू मी छापलेल्या नावाचं, लोणचं घालू? मागितलं होतं मी?"

तर म्हणाले, "हळू बोल, मालविना. सगळा बाजार ऐकतोय."

मग मी हळू बोलले. काय बोलले ते त्यांना ऐकू आलं नाही, आणि तुलाही सांगणार नाही.

तुझी आई